छकुलीची मेंढरं

बारामती,
ता. ९ फेब्रुवारी १९९९

चि. वैष्णवी हिस आशीर्वाद.

काल चिलारवस्तीवरून सिद्धू आला होता. त्याने जे सांगितले त्यामुळे हे पत्र लिहिणे भाग पडले. एरवी तुझ्या प्रबंधाच्या कामात मी पडले नसते.

वस्तीवर घरे बांधून देणाऱ्या संस्थेचे व्यवस्थापक परवा तिथे आले होते. त्यांनी सिद्धूच्या बायकोला, सारजाला, सगळ्यांसमोर सांगितले की घरात ठेवलेली मेंढरे पाडव्याच्या आत काढा, नाहीतर घर रिकामे करा. मग त्यांनी पिशवीतून टाइप केलेले कागद काढून वाचून दाखवले. सिद्धूच्या लक्षात एकच वाक्य राहिले, कारण ते त्यांनी दोनदा वाचले. "घर क्रमांक सात हे सामूहिक निर्णयाला वैयक्तिक विरोधाचे एकमेव उदाहरण होय." सिद्धू मला विचारत होता, "बाई, इरोध म्हंजी आमी काय केलं?"

ते वाक्य तुझे आहे. 'एकमेव' हा शब्द तू आठवीत असल्यापासून नको तिथे घालतेस. तुझे निबंध मीच तपासले आहेत.

दोन वर्षांपूर्वी मी तुला त्या वस्तीवर घेऊन गेले, ते माझ्या शब्दावर. दरवर्षी त्यांची मेंढरे माझ्या भावाच्या सणसरच्या रानात बसायला यायची. रानाला खत व्हायचे, त्यांना धान्य मिळायचे. सारजा लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला पाहते आहे. त्यांच्या चुलीवरचा चहा मी जितका प्यायले तितका माझ्या घरचा नसेल. आणि पंच्याण्णव सालच्या आश्विनात ओढ्याला लोंढा आला, त्यांची पाले वाहून गेली, चार माणसे गेली, त्यांत सारजाची छकुली गेली. सात वर्षांची होती. तिसऱ्या दिवशी खाली बाभळीत सापडली. हे सगळे तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण तुझ्या त्या वाक्यात ते कुठेच नाही.

त्याच वर्षी तिला शाळेत घालायचे चालले होते. मी सारजाला विचारले, "हिचे खरे नाव काय?" ती म्हणाली, "अजून ठिवलंच न्हाय बाई. शाळंत घालताना तुमीच ठिवा." मी चार नावे सुचवली होती. तिला एकही पसंत पडले नाही. तेवढ्यात पोरगी गेली.

आता मला दोन गोष्टी सांग. तुझ्या प्रबंधाचे प्रकरण संस्थेच्या हातात कसे पडले? आणि सारजाने तुला त्या मेंढरांबद्दल काय सांगितले होते? मला तिने काही सांगितलेले नाही, मीही विचारलेले नाही. मला वाटत होते, मेंढपाळाच्या घरात चार मेंढरे असायचीच. तिच्या घरात अंथरुणाला खिळलेला सासरा आहे. आप्पांना आता पुन्हा पालात न्यायचे का, हा प्रश्न आहे. तुझ्या प्रबंधापेक्षा मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

उलट टपाली उत्तर दे. फोन करू नकोस. फोनवर तू गोड बोलतेस.

प्रयागमावशीचे आशीर्वाद.


पुणे,
१५ फेब्रुवारी १९९९

ती. मावशीस सा. न.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग राग आला, तो तुझ्यावर. आता उतरला आहे.

मी कुणाचंही नाव लिहिलेलं नाही. म्हणूनच घरांना क्रमांक दिले. वस्तीवर एकोणीस घरं आहेत आणि त्यांतल्या एकाच घरातून मेंढरांचा आवाज येतो, हे माझ्या लक्षात आलं नाही असं समज. व्यवस्थापकांच्या हाती ते कागद कसे आले याची मी चौकशी करते.

सारजाबाईंना मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "हायती म्हनून हायती." तिसऱ्या वेळी त्यांनी चहा टाकला आणि मला ओढ्यापलीकडच्या बोरांबद्दल सांगत बसल्या. त्या लोकर विकत नाहीत. कोकरं विकत नाहीत. नर तेवढे सिद्धूभाऊ बाजारात नेतात, माद्यांना त्या हात लावू देत नाहीत. मी काय लिहायचं होतं? मेंढरं मोठ्या पुरानंतर रोगाने गेली, उरलेली सगळ्यांनी विकली. बिरोबाच्या देवळापुढे बसून सगळ्यांनी ठरवलं, आता घरं बांधून मिळणार, घरांच्या ओळीत जनावर बांधायचं नाही. सिद्धूभाऊ तिथं होते. त्यांनी मान डोलावली. मग एका घराने ते मोडलं, तर त्याला मी दुसरं काय नाव देणार? जुना धंदा सुटत नाही, असाच मी अर्थ लावला. लातूरकडे भूकंपानंतर आम्ही काम केलं तेव्हा अशी माणसं भेटली होती. नव्या घरापुढे जुन्या घराचा दगड घेऊन बसलेली.

बाकी वस्ती इतकी सावरलेली आहे की मला नवल वाटत होतं. कोण कुणाकडे जेवतं, कोण कुणाचं मूल सांभाळतं, मी सगळं विचारलं आहे. सारजाबाई आणि त्यांच्या जाऊबाई ठमाबाई, दोन घरांना एक भिंत, आणि काडेपेटीसुद्धा दोघींत एकच. असा सलोखा मी कुठं पाहिला नाही.

आणखी एक. मेंढरं काढा, अशी तक्रार मी केलेली नाही. ती वस्तीवरच्याच एका माणसाने केली. आधी मला सांगितली, मग व्यवस्थापकांना. कुणी, ते मी सांगणार नाही. मी शब्द दिला आहे, आणि दिलेला शब्द पाळावा हे तूच शिकवलंस.

तुझी,
वैष्णवी


बारामती,
ता. २४ फेब्रुवारी १९९९

चि. वैष्णवी हिस आशीर्वाद.

शब्द पाळलास ते ठीक केलेस. मला नाव कळायला सकाळ पुरली.

काल सणसरपर्यंत एस.टी.ने गेले, पुढे सिद्धू ट्रॅक्टर घेऊन आला होता. तो आता उसाच्या वाहतुकीवर आहे. वाटेत म्हणाला, "बाई, तुमीच सांगा हिला. म्या सांगून दमलो." मी म्हटले, "आधी मला कळू दे, मग सांगते."

मी सारजाकडे न जाता शेजारच्या दारात गेले. ठमाबाई भाकरी थापत होती. मी उभ्या उभ्याच विचारले, "ठमा, मेंढरांची तक्रार तू केलीस?"

"व्हय. म्या केली," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

मला वाटेतच संशय आला होता. भिंतीला भिंत लागलेली, वास आणि आवाज तिलाच. मी तिला जे बोलायचे ते बोलले. सख्खी जाऊ, लेक गेलेली बाई, आणि तिच्या डोक्यावरचे छप्पर चार मेंढरांच्या वासापायी काढून घेतेस, असे सगळे. ठमाबाईने भाकरी टोपलीत टाकली, हात पुसले.

"झालं बाई? बसा आता. तुमचं मी ऐकलं, माझं तुमी ऐका. वासाचं मला काय? मी मेंढरातच जल्मले."

मग तिने सांगितले ते तुला लिहिते. वस्तीवर कुणी हे कुणाला सांगत नाही.

त्या दिवशी तिथे पाऊस नव्हताच. दुपारचे स्वच्छ ऊन होते. पाऊस वर कुठेतरी डोंगराकडे झाला होता. सिद्धू, त्याचा भाऊ भीमा आणि सगळे पुरुष मोठी मेंढरे घेऊन माळावर, बायका आणि लेकरे ओढ्याकाठी पालापाशी. कोकरे वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात कोंडलेली. आणि पाणी आले. या लोकांची रीत अशी की पाणी दिसले किंवा आग दिसली की जी बाई जवळ असेल तिने आधी वाघर सोडायची. कोंडलेले जनावर पळू शकत नाही, माणूस पळू शकतो, हा त्यातला हिशोब. लहानपणापासून हात तसे वळतात, विचार करावा लागत नाही. सारजा जवळ होती. तिने छकुलीचा हात ठमाबाईच्या स्वरूपाच्या हातात दिला, "हिला घिऊन वर जा" म्हणाली आणि वाघरीकडे पळाली. स्वरूपा तेव्हा पंधरा वर्षांची. दोघी काठ चढत होत्या. वाहत आलेला ओंडका स्वरूपाच्या कमरेला लागला आणि हात सुटला.

कोकरे वाचली. बरीचशी.

"सारजानं माझ्या पोरीला एक शबुद कधी इचारला न्हाय," ठमाबाई म्हणाली. "आज इचारंल, उद्या इचारंल म्हनून पोरगी वाट बघती. सकाळी दार उघडती तर समोर ती मेंढी. बघत ऱ्हाती हिच्याकडं. पोरगी चूळ भरती अन् तशीच खुरपाया जाती, भाकरीला शिवत न्हाय. सांगवीकडच्या दादासोचा राम हाय, दोन साल मागनी घालतो. चांगलं घर हाय, अजून मेंढरं राखून हाय. ही न्हाय म्हनती. म्हनती, काकीच्या लेकीला म्या हातातनं सोडली, मी कुठल्या तोंडानं नांदाया जाऊ. तिसऱ्यांदा इचारायचे न्हायत ते. मला सांगा बाई, मी मेंढरं काढाया सांगू नको तर काय करू?"

मी विचारले, "पण ती मेंढरे सारजा ठेवते कशाला?"

"तिची कुठली? छकुलीची हायती."

वैष्णवी, या घरांत मुलीचे जावळ काढतात त्या दिवशी आजा तिच्या नावाने एक मादी कोकरू सोडतो. आप्पांच्या घरची खूण मेंढराच्या उजव्या कानाला असते. लेकीच्या मेंढराचा मात्र डावा कान टोकाला चिरतात, म्हणजे ते ओळखू यावे. त्याची पैदास तिची. त्यातल्या माद्या विकत नाहीत, कापत नाहीत. मुलगी नांदायला जाते त्या दिवशी ती मेंढरे तिच्यासोबत जातात. त्या दुपारी वाघरीत जी कोकरे होती त्यांत छकुलीच्या मेंढीचे एक, डाव्या कानाचे, होते; ती थोरली मेंढी पुढे रोगात गेली. सारजाने बाहेर काढले त्यांपैकी ते एक. आता ती मेंढी आहे, तिला दोन माद्या झाल्या आहेत, आणि पुन्हा ती गाभण आहे.

"हे वैष्णवीला का नाही सांगितलेत?" मी विचारले.

"सांगितलं असतं तर तिनं लिव्हलं असतं. लिव्हलेलं कुनीबी वाचतंय. वाचलंच की त्या सायबानं."

"आणि स्वरूपाचे सारजाला का नाही सांगितलेस? एका काडेपेटीवर दोन चुली पेटवता."

"काडीपेटी मागता येती, बाई."

मग मी सारजाकडे गेले. मेंढरे आतल्या खोलीत, खाली उसाचे पाचट घातलेले, स्वच्छ. मी म्हटले, पाडव्याला काय करणार आहेस. ती म्हणाली, "पाल हाय की अजून. ठिवलंय बांधून."

"आणि आप्पा?"

"आप्पा जल्मभर पालातच ऱ्हायले."

बाजेवरून आप्पा म्हणाले, "मला इचारून बोलतीस व्हय गं?" आणि मग आपणच म्हणाले, "जाऊ की. हितं छपराला आढं न्हाय, घोंगडं टांगाया जागा न्हाय."

सिद्धू बाहेर जाऊन ट्रॅक्टरपाशी उभा राहिला. ती मेंढरे विकणार नाही. ती घर सोडेल. हे मी तिच्या तोंडाकडे बघून सांगते.

तू सलोख्याला किती गुण दिलेस?

प्रयागमावशी


पुणे,
२ मार्च १९९९

ती. मावशीस सा. न.

प्रकरण मीच दिलं. चौकशी करते असं लिहिलं ते खोटं होतं. संस्थेची जीप आणि राहायची खोली मी आठ महिने वापरली. व्यवस्थापक म्हणाले, आमच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते बघू तरी. त्यांनी वाचून "फार उपयोगी" असं म्हटलं आणि मला बरं वाटलं. एवढंच झालं.

स्वरूपाशी मी दोनदा बोलले आहे. ती पाय जवळ घेऊन बसायची आणि प्रश्न संपायच्या आधी "काय अडचन न्हाय" म्हणायची. मला ती लाजाळू वाटली. लग्नाबद्दल विचारलं तर म्हणाली, "घरात माणूस लागतंय कामाला." मी तेही लिहून घेतलं, कुटुंबातल्या श्रमाची गरज म्हणून.

मावशी, मला तिथं यायचं आहे. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, लातूरला आमच्याबरोबर होत्या. दु:ख झालेल्या माणसांशी बोलण्याचं त्यांचं शिक्षण झालं आहे. त्या दोघींना समोरासमोर बसवतील. त्या येतील, मी विचारलं आहे. फक्त तू हो म्हण.

वैष्णवी


बारामती,
ता. १४ मार्च १९९९

चि. वैष्णवी हिस आशीर्वाद.

त्या बाईंना आणू नकोस. त्या चांगल्या असतील. पण वस्तीवर परका माणूस आला की सगळे हसतात, चहा करतात आणि बोरांबद्दल बोलतात. ते तू पाहिले आहेस.

खरे सांगितलेस ते बरे झाले. आता त्या व्यवस्थापकांना लेखी कळव की ते प्रकरण चुकीचे आहे आणि तू ते परत घेत आहेस. मी मंगळवारी इंदापूरला त्यांच्या कचेरीत जाऊन बसले. त्यांनी नियम सांगितला. मी म्हटले नियम मला कळतो, मी बावीस वर्षे मुख्याध्यापिका होते. आम्ही परीक्षेला उशिरा आलेल्या मुलीलाही अर्धा तास देत असू. शेवटी त्यांनी एप्रिलअखेरची मुदत दिली. मनाने माणूस वाईट नाही. त्याला घरांच्या ओळीचा फोटो स्वच्छ हवा आहे.

तिथून सणसरला गेले. सारजा भावाच्या उसात खुरपायला आली होती आणि मेंढरे बांधावर चरत होती. बाकीच्या बायका जेवायला झाडाखाली गेल्यावर मी तिच्यापाशी सरीच्या कडेला बसले. आडवळणाने बोलायची मला सवय नाही. ठमाने सांगितले ते सगळे सांगितले. स्वरूपा खात नाही. लग्नाला नाही म्हणते. म्हणते हात मी सोडला.

सारजाच्या हातात खुरपे होते. ती बराच वेळ त्याने एकच ढेकूळ फोडत राहिली.

"स्वरूपी असं म्हनती?"

मी हो म्हटले.

"तिच्या हातात म्याच दिली व्हती." मग म्हणाली, "तिचं वय काय व्हतं बाई? ती मला बघून आत का जाती, मला वाटायचं, ही म्हनत आसंल, बघा, पोटची पोरगी टाकून कोकरामागं गेली. समदी वस्ती म्हनती तसं. तोंडावर न्हाय म्हनत. म्या तरी तिला कुठल्या तोंडानं इचारू? तिनं इचारलं असतं, काकी, तू का गं गेलीस, तर म्या काय सांगनार व्हते?"

"कुणीही गेले असते," मी म्हटले. "तुमची रीतच आहे."

"रीत हाय की," ती म्हणाली. "रीतीनं कोकरं वाचली."

ती उठली आणि बांधावरच्या मेंढीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. बायका जेवून परत आल्या, काम सुरू झाले, तरी ती तिथेच होती. मुकादम तिला हाक मारायला निघाला तर मी त्याला थांबवले.

मी सांगायला नको होते असे मला वाटत नाही. पण त्याने काय होईल ते मला माहीत नाही. पाडवा चार दिवसांवर आहे.

प्रयागमावशी


पुणे,
२२ एप्रिल १९९९

ती. मावशीस सा. न.

माझ्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. तू आजारी तर नाहीस ना? शेजारच्यांना फोन केला तर म्हणाले बाई सणसरला गेल्या आहेत, तिथेच मुक्काम आहे.

प्रकरण परत घेतल्याचं मी संस्थेला कळवलं होतं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. "घर क्रमांक सातचा प्रश्न मिटलेला असून आता आपल्या पत्राची आवश्यकता राहिलेली नाही." मिटला म्हणजे कसा मिटला? ते पालात गेले का? की मेंढरं विकली? मी ते पत्र दहा वेळा वाचलं. असली वाक्यं मीही लिहिते, हे पहिल्यांदाच कळलं. प्रश्न मिटला. त्यात माणसं कुठं गेली ते शोधून सापडत नाही.

मार्गदर्शक विचारतात प्रबंध कधी देणार. मी त्यांना सांगितलं, पाचवं प्रकरण नव्याने लिहायचं आहे. काय लिहायचं ते मला माहीत नाही. लिहायची परवानगी आहे की नाही, तेही नाही.

दोन ओळी तरी लिही.

वैष्णवी


बारामती,
ता. १२ मे १९९९

चि. वैष्णवी हिस आशीर्वाद.

मी आजारी नव्हते. लग्नघरात होते, आणि लग्न पार पडेपर्यंत काही लिहायचे नाही असे ठरवले होते. या घरात ठरलेल्या गोष्टी मोडलेल्या मी पाहिल्या आहेत.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाल्यावर सारजाने मेंढीच्या गळ्यात दावे घातले आणि तिला घेऊन शेजारच्या दारात गेली. मी तिथे नव्हते. सिद्धूने सांगितले तसे लिहिते. तिने हाक मारली, "स्वरूपे." साडेतीन वर्षांनी नावाने मारलेली ही पहिली हाक. स्वरूपा दारात आली. सारजा म्हणाली, "ही छकुलीची. ती नांदाया जायची तवा हिला घिऊन जायची व्हती. तू जा घिऊन."

स्वरूपा आत पळाली आणि तिने कडी लावली. ठमाबाई दार वाजवायला निघाली तर सारजाने तिला हाताने अडवले. मेंढी दारातल्या खुंटीला बांधली आणि आपल्या घरात जाऊन पुरणाला लागली. दिवसभर मेंढी तिथेच होती. संस्थेच्या नियमाप्रमाणे ओळीत जनावर बांधलेले, तेही सणाच्या दिवशी, आणि एकोणीस घरांत कुणी एक शब्द काढला नाही. ऊन कलल्यावर कडी निघाली. स्वरूपाने मेंढीपुढे पाण्याची बादली ठेवली. मग भिंतीपलीकडे जाऊन सारजाच्या चुलीपाशी बसली. त्या काय बोलल्या ते सिद्धूला माहीत नाही. तो म्हणाला, "मी आप्पाला घिऊन भाईर बसलो. आतनं आवाज येत व्हता. रडत्यात का भांडत्यात, कळंना."

आठवड्याने सांगवीला निरोप गेला. नवरीबरोबर मेंढरे जाणार असे मी व्यवस्थापकांना कळवले, आणि त्यांनी लग्नापर्यंत थांबायचे कबूल केले.

लग्न रविवारी झाले. दादासो म्हणजे रामचा बाप. उंच, कमी बोलणारा, अजून मेंढरांमागे हिंडतो. आंदण देताना यांच्यात कागद नसतो. पाच माणसांसमोर जनावर उभे करायचे, कुणाचे आहे ते मोठ्याने सांगायचे, पाठीवर भंडारा टाकायचा, झाले. पण या वेळी सारजा मला म्हणाली, "बाई, तुमी लिव्हून घ्या." मला आश्चर्य वाटले. तुझ्या त्या कागदानंतर तिला लिहिण्याचा तिटकारा आला असेल असे मला वाटले होते.

एक अडचण आली. सून सासरी आली की तिच्या मेंढरांच्या कानाला सासरची खूण पाडतात. दादासोंचा भाऊ कात्री घेऊनच आला होता. सारजाने त्याच्या हाताकडे पाहिले आणि तिचे तोंड उतरले. स्वरूपा मुंडावळ्यांसकट उठून उभी राहिली. नवरी अशी मध्येच उठत नाही. ती सासऱ्याला म्हणाली, "मामा, ह्यांचा कान ऱ्हाऊ द्या."

दादासो म्हणाले, "कळपात मिसळल्यावर वळखायची कशी गं?"

"मी वळखीन."

त्यांनी भावाकडे पाहिले. "ठिव ती कातर," म्हणाले.

मेंढी मागच्या महिन्यात व्यायली आहे. मादीच झाली. त्या कोकराचा कान अजून चिरलेला नव्हता. सारजाने ती कात्री मागून घेतली.

नवरीला आणि मेंढरांना घेऊन ट्रक गेल्यावर सारजा रडली नाही. आत जाऊन पाचट काढले, खोली धुतली, दारे उघडी ठेवली. आप्पा बाजेवरून म्हणाले, "वास गेला गं." ती म्हणाली, "जाऊ द्या." मी मुक्काम करावा म्हणून ठमाने आग्रह केला, पण मी निघाले. वळणावरून मागे पाहिले तेव्हा ती त्या रिकाम्या खोलीच्या दारात बसली होती, हात मोकळे सोडून. त्या हातांना आता काम नव्हते.

तू परवानगी मागितलीस. मी तिला विचारले. ती म्हणाली, "लिव्हा म्हनावं. पर घराचा नंबर नगं. तिचं नाव लिव्हा." मी म्हटले, नाव छकुलीच लिहायचे का, खरे नाव तर ठेवायचेच राहिले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता. त्याच नावानं हाक मारली व्हती."

माझ्याकडून एवढेच सांगते. सारजा सावरली असे लिहू नकोस. प्रश्न मिटला असेही नको. मेंढरे गेली, एवढे लिही. सोबत त्या दिवशीच्या कागदाची नक्कल पाठवते. मूळ कागद स्वरूपाकडे आहे.

प्रयागमावशीचे आशीर्वाद.


नक्कल

ता. ९ मे १९९९. चिलारवस्ती, बिरोबाच्या देवळापुढे, पाच माणसांसमक्ष.

दिले ते असे :

मेंढी एक, काळी, कपाळावर पांढरा ठिपका, डावा कान टोकाला चिरलेला.

तिच्या माद्या दोन, डावा कान तसाच.

अंगावर पिणारे कोकरू एक, मादी. डावा कान देतेवेळी चिरला, सारजाने स्वतः.

गळ्यातले पितळी घुंगरू एक.

घोंगडे एक, लहान मुलाच्या मापाचे, वापरलेले.

मेंढरे छकुलीची. देणार तिची आई सारजा. घेणार तिची बहीण स्वरूपा. कान पुन्हा चिरायचे नाहीत, हे दादासोंना कबूल.

वरील सर्व मिळाले.

सही, स्वरूपा